गणित सुधारेल ना? बुद्धिबळाच्या फायद्यामागची गोष्ट

रत्नागिरी-सावंतवाडीकडे मुलाला बुद्धिबळाच्या वर्गाला घालताना पालक हमखास विचारतात, ‘याने गणित सुधारेल ना?’ आमच्या लहानपणी हे कोणी विचारत नसे. लावणी आटपली, आषाढाची झड लागली की पडवीत पट मांडला जायचा.

जुन्या माणसांचा तो डाव देशी पद्धतीचा असे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नव्हता; त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरं मिळत, तीही तोवर शह बसला नसेल तर. त्यामुळे डाव सावकाश उघडायचा आणि पोरांना धीर धरावाच लागायचा. याच देशी खेळात वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी पाश्चात्त्य नियम मागाहून शिकून १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं.

आपल्याच किनाऱ्यावरच्या मुंबईत खाडिलकर भगिनींनी हा खेळ मुलींचाही केला. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती यांनी जिंकली, तर १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या. माझ्या मते मुलींच्या हाती पट येणं हा कुठल्याही गुणवाढीपेक्षा मोठा फायदा होता.

‘बुद्धी वाढते’ हा दावा मात्र तपासून घ्यावा असा आहे. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी दाखवलं, की खऱ्या डावातली मांडणी तरबेज खेळाडूंच्या झटकन लक्षात राहते, पण मोहरे कसेही विखरून ठेवले तर त्यांची आघाडी जवळजवळ संपते. म्हणजे तयार होते ती पटाची ओळख. सरसकट स्मरणशक्ती नव्हे. आर्मेनियाने २०११ मध्ये बुद्धिबळ प्राथमिक शाळेत सक्तीचं केलं. इंग्लंडमध्ये मात्र १०० शाळांत झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला: शिकवणी संपल्यावर वर्षभराने पाहिलं, तर गणितात फरक दिसला नाही. वाचन आणि विज्ञानातही नाही.

तरी मी पोरांना पटावर बसवतेच. आमचे मामा मोहऱ्याकडे हात गेला की मनगट धरायचे आणि म्हणायचे, ‘थांब. आधी सांग, त्याच्या मनात काय आहे?’ ते सांगता आलं नाही तर चाल नाही. बाहेर पाऊस कोसळत असायचा, आणि आम्ही समोरच्याच्या बाजूने पट बघत बसायचो.