पायाच्या सेल्युलायटिसचे निदान आणि उपचार : पार्श्वभूमी

गुडघ्याखाली एकाएकी येणारी लाल, गरम, दुखरी सूज आणि सोबत हुडहुडी भरून येणारा ताप हे दुखणे, म्हणजे पायाचा सेल्युलायटिस (त्वचेचा आणि तिच्याखालच्या थरांचा जिवाणूसंसर्ग), जुनेच आहे. त्यामागचे स्ट्रेप्टोकोकस जिवाणू १८८३ मध्ये वेगळे करण्यात आले आणि १९४०च्या दशकात पेनिसिलिन हाती आल्यावर त्याची धास्ती ओसरली. निदान मात्र आजही नजरेने आणि हाताच्या स्पर्शानेच होते. रक्ततपासणीत जिवाणू क्वचितच सापडतात, म्हणून लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ती पुढे सरकते का, हे पाहिले जाते. दोन्ही पाय एकदमच लाल झाले असतील, तर बहुधा शिरांत रक्त साचून झालेला त्वचादाह असतो. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या निदानाने दाखल झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांना हा आजार नव्हताच; त्यांना दिलेली प्रतिजैविके अकारण होती.

विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात सुजलेल्या पायाला वरचेवर येणारा ताप दीर्घकाळ कृमींच्या माथी मारला गेला. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांमधून आणि भेगांमधून शिरणारे जिवाणू हे त्याचे मुख्य कारण असल्याचे १९९०च्या दशकात स्पष्ट होत गेले, आणि पाय रोज साबणाने धुऊन बेचक्या कोरड्या करण्याला उपचारात मानाचे स्थान मिळाले.

वाद उरला तो दुखणे उलटू नये म्हणून काय करावे याचा. ब्रिटन व आयर्लंडमधील २७४ रुग्णांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पेनिसिलिनच्या २५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, वर्षभर दिल्या गेल्या. त्या काळात दुखणे २२ टक्क्यांना उलटले, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. गोळ्या थांबल्यावर मात्र हा फायदा विरत गेला, आणि ज्यांचे वजन जास्त, पाय कायम सुजलेले किंवा दुखणे आधी अनेकदा येऊन गेलेले, म्हणजे ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांनाच गुण कमी आला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील चाचणीने दुसरी बाजू पुढे आणली : कायम सूज असलेल्या ८४ रुग्णांत दाबपट्टी (सूज उतरवण्यासाठी पायावर घट्ट बसणारी पट्टी किंवा मोजा) वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना, तर न वापरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना दुखणे उलटले, आणि फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. चाचणी लहान होती हे खरे. तरीही सूज तशीच ठेवून नुसत्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू ठेवणे यापुढे पटण्यासारखे नाही. विदर्भातल्या मे महिन्यात घट्ट मोजे दिवसभर घालणे अवघड आहे, ही अडचण मात्र खरी आहे. शिवाय मधुमेही आणि तंबाखू ओढणाऱ्या रुग्णांच्या पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात, त्यामुळे दाबपट्टी बांधण्याआधी पावलावरची नाडी तपासून घ्यावीच लागते.