कौशल्याचा खेळ म्हणून ऑनलाइन पोकर चालतो? एक खुलासा

गणपतीच्या जागरणात पत्ते पिसताना सावंतवाडीकडे हमखास ऐकू येते, ‘पोकर कौशल्याचा खेळ, गोव्यात तर परवानाही आहे, मग मोबाइलवर पैसे लावले तर बिघडले कुठे?’ हा समज आता चुकीचा आहे. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो, हे खरे. परंतु संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. खेळ पुरवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या खेळणाऱ्यास शिक्षा नाही (बुडालेले पैसे हीच काय ती). गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या कॅसिनोचा परवाना त्या जहाजापुरता असतो, सावंतवाडीजवळच्या बांद्यातल्या मोबाइलला तो लागू नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण आव्हान म्हणजे स्थगिती नव्हे.