कंट्री बटर की क्रीमरी बटर? आयर्लंडच्या लोण्याचे दोन प्रकार

दोन्ही पिवळी, दोन्ही खारट, म्हणून फरक फक्त हाताचं आणि यंत्राचं एवढाच वाटतो. खरा फरक घुसळण्याआधी, सायीतच पडतो.

कंट्री बटर एकाच गोठ्याचं. दूध न तापवता पसरट मातीच्या भांड्यांत एक-दोन दिवस ठेवायचं आणि वर आलेली साय काढून साठवायची. घुसळण आठवड्यातून एक-दोनदाच, त्यामुळे तोवर साय आंबते; चव तिथून येते. (उत्तरेच्या अल्स्टर प्रांतात मात्र बऱ्याच घरी सायीऐवजी आंबवलेलं आख्खं दूध घुसळत.) उंच लाकडी पिंपात भोकाची फळी लावलेला दांडा असतो, तो रवीसारखा फिरवत नाहीत, वरखाली हापसतात. पिंप निम्म्यापेक्षा जास्त भरलं की नुसता फेस. साय 13 ते 16 अंश सेल्सिअस असावी. त्याहून गार असेल तर लोणी येता येत नाही; गरम असेल तर झटकन येतं, पण मऊ, तेलकट, आणि बरंचसं ताकातच राहतं. गव्हाच्या दाण्याएवढे कण दिसले की थांबायचं, ताक गाळायचं, आणि पाणी निवळ निघेपर्यंत लोणी थंड पाण्यात धुवायचं. आळस नडतो तो इथेच: ताक राहिलं की लोण्याला लवकर वास लागतो. मीठ सारखं मिसळलं नाही तर आत पांढरे पट्टे उमटतात. मळायला खाचांच्या ओल्या लाकडी फळ्या, कारण हाताच्या उबेनं लोणी पाघळतं.

प्रत्येक घरचं लोणी वेगळं, म्हणून विकताना पारख हवीच. कॉर्क शहराच्या लोणी-बाजारात (1770 ते 1924) सुमारे 56 पौंडांच्या लाकडी पिंपात, म्हणजे फर्किनमध्ये, तपासनीस पोकळ सळई खुपसून नमुना काढत, वास-चव बघून प्रत ठरवत आणि भाव त्यावर.

क्रीमरीत, म्हणजे लोण्याच्या कारखान्यात, ही भानगडच नाही. गावभरचं सकाळचं दूध एकत्र, साय यंत्रानं लगेच वेगळी. स्वीडनच्या गुस्ताफ दे लावालचं ते यंत्र 1878 चं. लिमरिक परगण्यातल्या ड्रमकॉलोगरला आयर्लंडची पहिली सहकारी क्रीमरी निघाली 1889 मध्ये. लोणी रोज एकसारखं, म्हणून लंडनच्या दुकानदाराला सोयीचं. पण एखाद्या घरची खास चव त्यात शोधू नये. घरचं लोणी विकून बाईच्या हाती येणारा पैसाही बऱ्याच ठिकाणी क्रीमरीच्या दुधाच्या हिशेबात गेला.

क्रीमरीला दूध नेलेल्या डब्यातून परत यायचं ते साय काढलेलं दूध. वासरा-डुकरांना ते चाले, खायच्या सोड्यानं फुगवलेल्या सोडा ब्रेडला मात्र आंबट ताकच लागतं, म्हणून क्रीमरीला दूध घालणारी कित्येक घरंही स्वतःपुरतं घुसळत राहिली.