रहाड (नाशिक)

रहाड म्हणजे नाशिकच्या जुन्या गावठाणात चौकाच्या पोटात बांधलेला दगडी हौद. तो वर्षातून एकदाच, रंगपंचमीला (फाल्गुन वद्य पंचमी) उघडतात, रंगीत पाण्याने भरतात आणि त्यात उड्या मारून रंग खेळतात. एरवी त्यावरून रिक्षा धावतात, भाजीच्या गाड्या उभ्या राहतात. पायाखाली हौद आहे हे परगावच्या माणसाला सांगूनही पटत नाही. परंपरा पेशवेकाळापासूनची मानली जाते. गोदावरीच्या अलीकडे तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन, काझीपुऱ्यातील दंडे हनुमान चौक आणि पलीकडे पंचवटीत शनि चौक ही रहाडींची नावाजलेली ठिकाणे.

रंग धुळवडीला न खेळता रंगपंचमीला का, याचे उत्तर धुळवडीच्या दिवशी जुन्या नाशकात मिळते. तो दिवस वीरांचा. घरोघरचे वीरांचे टाक (वीर पूर्वजांच्या धातूच्या प्रतिमा) देव्हाऱ्यातून काढून वाजतगाजत गोदाघाटावर नेतात, रामकुंडात त्यांना स्नान घालतात. लहान मुले देवादिकांचा वेष करून मिरवणुकीत चालतात. यांत दाजीबा वीराची, म्हणजे बाशिंगे वीराची मिरवणूक सर्वांत मानाची. नवस बोलणारे आणि फेडणारे तिची वाट पाहत दारात उभे असतात. रंगाला त्या गर्दीत जागा नाही. अलीकडे नव्या वसाहतींत धुळवडीलाही रंग उडतो, पण गावठाणाचा हिशेब अजून पंचमीचाच आहे.

रचना. रहाड साधारण चौकोनी असते. भिंती घडीव दगडाच्या आणि खोली पुरुषभर किंवा त्याहून थोडी जास्त. माप प्रत्येक ठिकाणी वेगळे. तोंडावर जाड लाकडी ओंडके आडवे टाकतात, त्यावर फळ्या आणि त्यावर माती. ही माती चोपून रस्त्याच्या पातळीला आणतात. सारा भार ओंडक्यांवर असल्याने खरी काळजी त्यांचीच घ्यावी लागते. ओल धरलेले लाकूड वरून धड दिसते आणि आतून पोकळ झालेले असते. म्हणून दरवर्षी उघडताना ओंडका ठोकून पाहतात आणि बद्द आवाज आला तर बदलतात.

जी रहाड सलग काही वर्षे उघडली जात नाही, ती परत उघडणे अवघड होत जाते. वर डांबराचे किंवा काँक्रीटचे थर चढतात, शेजारून जलवाहिनी किंवा केबल जाते आणि खणायचे म्हटले की परवानग्यांचे लचांड सुरू होते. जुन्या रहाडींपैकी बऱ्याच अशाच रस्त्याखाली गेल्या. त्या कोणी मुद्दाम बुजवल्या असे नाही. उघडायला माणसे उरली नाहीत, एवढेच. ज्या टिकल्या, त्यांच्यामागे गल्लीतील तालीम किंवा मंडळ उभे आहे.

तयारी. पंचमीच्या काही दिवस आधी माती काढून ओंडके उचलतात. तोंड मोकळे झाल्या झाल्या आत उतरू नये. वर्षभर बंद असलेल्या खड्ड्यात कुजक्या लाकडामुळे आणि गाळामुळे हवा खराब झालेली असू शकते. तो निदान एक दिवस उघडा ठेवावा आणि गाळ उपसताना वर माणूस उभा असावा. मग भिंती घासून धुतात आणि तळातले दगड, खिळे, काचा वेचून काढतात. हे काम कंटाळवाणे, पण उडी अनवाणी पायांनी मारायची असते.

पाण्याचा अंदाज सोपा आहे. समजा हौद २० फूट लांब, २० फूट रुंद आहे आणि पाणी ५ फूट ठेवायचे आहे. ते २,००० घनफूट, म्हणजे सुमारे ५६,६०० लिटर झाले. १० हजार लिटरचे पाच-सहा टँकर लागतात. पाणी कमी ठेवले तर उडी मारणाऱ्याचे पाय तळाला आपटतात. फार भरले तर बुटक्या माणसाच्या नाकातोंडात जाते. टंचाईच्या वर्षी सगळ्यात आधी याच टँकरांवर बोट ठेवले जाते, आणि ते गैरही नाही.

प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो आणि तो बदलत नाहीत. शनि चौकाचा गुलाबी, तिवंध्याचा पिवळा. अंगावरच्या रंगावरून माणूस कुठे बुडून आला हे जुने नाशिककर ओळखतात. रंग फुला-पानांपासून करण्याची रीत आहे. ऐन फाल्गुनात फुलणारा पळस त्यात हमखास असतो. फुले भिजवून मोठ्या कढयांत उकळतात आणि काढा गाळून हौदात सोडतात. गाळला नाही तर पाकळ्यांचा लगदा तळाशी बसून पाय घसरतात. पळसाच्या काढ्यात चिमूटभर चुना पडला की पिवळा रंग केशरीकडे झुकतो. हात सैल सुटला तर त्वचा चुरचुरते. घरी बादलीभर रंग करायचा असेल तर वाळलेल्या एक किलो फुलांना दहा-बारा लिटर पाणी पुरते.

खेळ. दुपारी मानकऱ्यांच्या हस्ते पूजा होते, नारळ वाढवतात आणि मग पहिली उडी पडते. या उडीला धप्पा म्हणतात. अंग गोळा करून असे पडायचे की पाणी काठावरच्यांच्या अंगावर उसळले पाहिजे. सूर मारणे धोक्याचे, कारण खोली तेवढी नसते आणि खाली कोणाचे डोके आहे ते रंगीत पाण्यात दिसत नाही. बहुतेक दुखापती आधीचा बाजूला होण्यापूर्वी दुसऱ्याने उडी घेतल्याने होतात. म्हणून उडी एका बाजूने आणि बाहेर येणे दुसऱ्या बाजूने, अशी शिस्त काठावरच्या कार्यकर्त्यांनी लावावी लागते. काही ठिकाणी महिलांसाठी वेगळी वेळ राखतात. रहाडीत बुडी मारली की उन्हाळा बाधत नाही अशी समजूत आहे. त्वचेवर जखम किंवा पुरळ असलेल्याने मात्र शेकडो जणांच्या या पाण्यात उतरू नये.

पाहायला जाणाऱ्याने गाडी लांब लावून रविवार कारंजा किंवा पंचवटी कारंजा येथून चालत जावे. गल्ल्या अरुंद आहेत आणि पोलीस वाहने आत सोडत नाहीत. अंगाला आधी खोबरेल तेल चोपडावे. कपडे सुती आणि टाकून द्यायचेच घालावेत. मोबाइल घरी ठेवलेला बरा, कारण काठावर कोरडे राहू असे म्हणणाऱ्याला आत ओढण्यात गल्लीतील पोरांना विशेष आनंद वाटतो.

खेळ आटोपून आवराआवर झाली की ओंडके, फळ्या, माती पुन्हा जागेवर येतात. माती दाबताना थोडा उंचवटा ठेवतात, कारण पहिल्या पावसात ती बसते. उंचवटा ठेवला नाही तर ऐन चौकात खळगे पडून पाणी साचते आणि खालचे लाकूड लवकर कुजते.