तेलसाठ्यातल्या फॉल्टचा आकडा कसा ठरत गेला

जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर तेल धरून बसलेला वालुकाश्माचा थर सलग सापडला तर नशीबच. बहुतेकदा प्रस्तरभंग, म्हणजे फॉल्ट, त्याचे तुकडे करतात आणि एका साठ्याचे अनेक कप्पे होतात. नवी विहीर कुठे घ्यायची हा प्रश्न मग एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतो: फॉल्टपलीकडचे तेल अलीकडच्या विहिरीत येईल का?

नकाशावर फॉल्ट ही बराच काळ नुसती रेघ होती. १९६६ मध्ये डी. ए. स्मिथ यांनी तिच्यामागचे भौतिकशास्त्र मांडले. फॉल्टमधल्या बारीक छिद्रांत शिरायला तेलाला ठरावीक दाब लागतो. तेवढा दाब साठेपर्यंत ते अडून राहते.

पुढे १९८९ साली दोन वेगळ्या वाटा दिसतात. अॅलन यांनी फॉल्टच्या पृष्ठावर दोन्ही बाजूंचे थर एकत्र रेखाटून दाखवले. वाळूसमोर वाळू आली तर वाट मोकळी, शेल, म्हणजे चिकणमातीचा घट्ट खडक, आला तर बंद. त्याच वर्षी पाँटिंग यांनी सिम्युलेशनसाठी, म्हणजे साठ्यातला प्रवाह संगणकावर चालवून पाहण्यासाठी, कोपरा-बिंदू जाळी मांडली. उभ्या-तिरक्या खांबांना आठ कोपऱ्यांची घरे टांगायची आणि फॉल्टपाशी शेजारची घरे वरखाली सरकू द्यायची. साध्या फॉल्टला ही जाळी छान बसते. दोन फॉल्ट इंग्रजी वाय अक्षरासारखे मिळतात तिथे मात्र खांब अडचणीचे ठरतात आणि फॉल्टला पायऱ्यांचा आकार द्यावा लागतो.

वाळूसमोर वाळू येऊनही फॉल्ट बंद असू शकतो, कारण सरकताना शेलचे लिंपण भेगेवर बसते. १९९७ मध्ये यील्डिंग, फ्रीमन आणि नीडहॅम यांनी ते मोजण्याचा सोपा मार्ग दिला. फॉल्टवरच्या एका बिंदूजवळून ३० मीटर खडक सरकला आणि त्यात शेल ६ मीटर होता, तर प्रमाण २० टक्के. साधारण १५ ते २० टक्क्यांच्या पुढे फॉल्ट तेल अडवू लागतो, असा अनुभव आहे.

तरी सिम्युलेशनला टक्के चालत नाहीत, गुणक लागतो: जाळीतल्या दोन घरांमधला प्रवाह किती पटीने कमी करायचा. पूर्वी अख्ख्या फॉल्टला एकच गुणक देत आणि उत्पादनाचा इतिहास जुळेपर्यंत तो फिरवत. मला ही पद्धत धोक्याची वाटते. चुकीच्या कारणाने जुळलेला इतिहास पुढची विहीर चुकीच्या कप्प्यात नेतो. १९९९ मध्ये मॅन्झोकी आणि सहकाऱ्यांनी शेलच्या प्रमाणावरून फॉल्ट-खडकाची पारगम्यता (त्यातून द्रव किती सहज वाहतो ते) आणि सरकण्यावरून त्याची जाडी काढली. त्यामुळे फॉल्टपाशी समोरासमोर येणाऱ्या घरांच्या प्रत्येक जोडीला स्वतःचा गुणक मिळाला. माझ्या लेखी या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल हेच.

एक गोष्ट इथे नेहमी निसटते. लाखो वर्षांत तेल झिरपू देणारा फॉल्ट वीस वर्षांच्या उत्पादनात जवळजवळ भिंतीसारखा वागू शकतो. म्हणून तेल साठताना फॉल्ट कसा वागला यावरून उत्पादनातले वागणे गृहीत धरता येत नाही. दोन्ही बाजूंचे दाब विहिरींत मोजत राहावे लागतात.

फॉल्टची जागाही भूकंपीय चित्रात, म्हणजे जमिनीत लहरी सोडून त्यांच्या परतीवरून काढलेल्या चित्रात, काही मीटर ते काही दशक मीटर हलू शकते, आणि फॉल्टला खेटून नेलेल्या विहिरीसाठी हा फरक मोठा असतो. त्यामुळे आता साठ्याची एकाऐवजी अनेक प्रतिरूपे (मॉडेल) चालवून, बहुतेकांत टिकणारी विहिरीची जागा निवडतात. नॉर्वेच्या गुलफाक्स क्षेत्रात फॉल्टमुळे असंख्य कप्पे झाले आहेत. तिथे ठरावीक काळाने पुन्हा केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणांत न उपसलेले कप्पे दिसले आणि नव्या विहिरी तिकडे वळवल्या गेल्या.