पेडल स्टील गिटार : पेडलांच्या बदलांची निवड

पेडल स्टील गिटार हे हवाईयन गिटारचे अमेरिकी वंशज. चार पायांच्या चौकटीत तारा आडव्या ताणलेल्या असतात आणि वादक पोलादी कांडी त्यांवरून सरकवतो. डावा पाय पेडलांवर, उजवा आवाज कमीजास्त करण्याच्या पेडलावर, आणि दोन्ही गुडघे दांड्यांना टेकलेले. पेडल वा दांडी दाबली की ठरलेल्या तारांचाच ताण बदलतो, बाकीच्या जागच्या जागी राहतात. कोणती तार किती चढवायची वा उतरवायची, हे वादक आपल्या गरजेप्रमाणे बसवून घेतो.

सुरुवातीला पेडलचे काम गाण्याच्या मध्ये तारांचा मेळ बदलणे एवढेच होते. १९५४ साली गाजलेल्या, अमेरिकी गायक वेब पिअर्सच्या एका गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबले, आणि दोन स्वर घसरताना व तिसरा स्थिर राहताना श्रोत्यांना ऐकू आले. बडी एमन्स आणि जिमी डे या स्टीलवादकांनी पुढे तोच बदल दोन पेडलांवर वाटला. आजच्या दहा तारांच्या ‘ई नाईन’ मेळाचा पाया तो आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात साथ म्हटली की पेटीच डोळ्यांसमोर येते. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्वांचा जन्म सुळेभावीचा; कान घडलेले आहेत ते नाट्यपदावर, अभंगावर, रागावर. तिथल्या वादकाने अमेरिकी आराखडा जसाच्या तसा उचलू नये. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरणे, तर कांडीच काढते, त्यासाठी पेडल कशाला? कांडीला जे जमत नाही तेच पेडलाकडून घ्यावे: सा आणि प धरून ठेवायचे आणि फक्त गंधार मध्यमावर न्यायचा.

‘ई’ हा पाश्चात्य स्वर, म्हणजे पेटीची पांढरी तीन, सा धरला तर ‘ई नाईन’च्या मोकळ्या तारांवर सा, रे, ग, प, शुद्ध नी आणि कोमल नी मिळतात, मध्यम व धैवत नाहीत. ‘ए’ पेडल पंचमाचा धैवत करते, ‘बी’ पेडल गंधाराचा मध्यम. म्हणजे जे कमी होते तेवढेच भरून निघते, आणि दोन्ही एका पावलाखाली. ‘ए’-‘बी’ एकत्र दाबले की सा-म-ध उभा राहतो. ‘सी’ पेडल सा चा रे आणि प चा ध करते. पाश्चात्य गाण्यात ते लागते, पण अभंगाच्या साथीत त्याच्यावाचून फारसे अडत नाही. ज्याला जागा वाचवायची आहे त्याने पहिली काट इथेच मारावी.

गुडघ्याच्या दांड्यांचे मोल मात्र आपल्याकडे जास्त. एक सा चा कोमल रे करते, दुसरी सा चा शुद्ध नी. दोन्हींची तार एकच, म्हणून त्या एकाच गुडघ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना बसवतात, दोन्ही एकदम दाबल्याच जाऊ नयेत. पंचम अर्ध्या स्वराने उतरवणारी दांडी यमनाचा तीव्र मध्यम देते. रे चा कोमल ग करणारी दांडी भैरवीसाठी हवीच. राहिला कोमल धैवत. ‘ए’ पेडल अर्धे दाबून तो निघतो, पण पाय अडायला तिथे काही टेकण नसते आणि भैरवीत धैवत हलला तर श्रोता क्षमा करत नाही. त्यासाठी स्वतंत्र दांडी द्यावी, असे या लेखकाचे मत.

एकच स्वरसमूह किती ठिकाणी सापडतो, हीसुद्धा निवडीची कसोटी आहे. गायकाने काळी एक मागितली तर सा-ग-प तारांखालच्या पट्टीवरील नवव्या खुणेवर पेडलाविना मिळतात, चौथ्यावर ‘ए’ व ‘बी’ दाबून, बाराव्यावर ‘ए’ आणि कोमल रे ची दांडी एकत्र वापरून. जवळची जागा निवडता येते आणि कांडी लांबवर फेकावी लागत नाही.

गंधार कुठे लावायचा यावर वाद होतो. स्वाभाविक शुद्ध गंधार हा समविभाजित, म्हणजे पेटीसारख्या बारा सारख्या भागांच्या, सप्तकातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. बरेच वादक तो तिथेच, किंवा त्याच्या आसपास लावतात आणि तानपुऱ्यावर तो गोड लागतो. शेजारी पेटी असेल तर तिचा गंधार वर राहतो आणि दोघे भांडतात. अशा वेळी पेटीवाल्याला गंधारावर रेंगाळू नका म्हणावे, किंवा स्टीलवाल्याने तो वाजवायचेच टाळावे.

‘बी’ पेडलाने वारंवार ताणली जाणारी बारीक तिसरी तार सगळ्यात आधी तुटते. कार्यक्रमाला जाताना खिशात तिची जादा जोडी ठेवावी. खानापूरकडच्या पावसाळी हवेत तारा लवकर गंजतात, तेव्हा तर नक्कीच.