रंकाळ्यापलीकडचा शालिनी पॅलेस

संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तळ्याच्या चौपाटीवर कुणी पाहुण्याला घेऊन बसलं, की भेळेचा कागद हातात असतानाच एक प्रश्न हमखास येतो : ‘पलीकडे ते काय आहे?’ सूर्य तिकडेच मावळतो. माडांच्या मधून घड्याळाचा मनोरा दिसतो, खाली कमानींची रांग. आधी सगळं तांबूस दिसतं, मग हळूहळू काळं होत जातं आणि शेवटी नुसती कड उरते. आपण सांगतो, ‘शालिनी पॅलेस. पूर्वी हॉटेल होतं.’

त्या ‘होतं’च्या मागे जवळपास शंभर वर्षांची गोष्ट आहे.

1931 ते 1934 या काळात ही वास्तू उभी राहिली. छत्रपती राजाराम महाराजांची ती कारकीर्द. शाहू महाराज 1922 मध्ये गेले, त्यानंतर 1940 पर्यंत राजाराम महाराजांनी राज्य चालवलं. बांधकामाला त्या वेळचे आठ लाख रुपये लागले आणि नाव दिलं गेलं राजकन्या शालिनीराजे यांचं. कोल्हापूरच्या सिनेमाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नाव आणखी एका ठिकाणी भेटलेलं असेल. शालिनी सिनेटोन हा स्टुडिओ त्याच सुमाराला निघाला आणि त्याचं नावही याच राजकन्येवरून पडलं. 1917 मध्ये बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1929 मध्ये ‘प्रभात’ इथेच जन्मली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. प्रभात गेल्यावर गावातला सिनेमा थांबू नये म्हणून जी धडपड झाली, तिला दरबारचा आधार होता. म्हणजे एकाच नावाने एक राजवाडा आणि एक स्टुडिओ, दोन्ही एकाच दशकात. त्या वेळच्या कोल्हापूरची हौस आणि हिंमत यातून कळते.

वाड्याचा दगड काळा, घडीव. त्याच्या जोडीला इटालियन संगमरवर. दारांना लाकडी तावदानं आणि त्यांतल्या काचांवर कोल्हापूर संस्थानची मुद्रा कोरलेली. मी पहिल्यांदा आत गेलो तो शाळेत असताना, एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला. मोठी माणसं जेवणाच्या पंगतीकडे वळली आणि मी त्या काचेपाशी थांबलो. कोरलेल्या रेषेवरून बोट फिरवलं तर ती खरखरीत लागत होती, बाकी काच मात्र गार आणि गुळगुळीत. फेटा बांधलेला एक नोकर जवळ आला. आता रागावणार असं वाटलं, पण तो एवढंच म्हणाला, ‘बघ बाळ, पण टेकू नकोस.’ त्या वाक्यातली काळजी अजून कानात आहे. तो माणूस पगारावर काम करणारा होता, पण काच त्याला आपली वाटत होती.

काळ्या दगडाचं आणि रंकाळ्याचं नातं तर फारच जुनं. जिथे आज तळं आहे तिथे मुळात दगडाची खाण होती, अंबाबाईच्या देवळाला तिथला दगड गेला आणि पुढे भूकंपात जमीन दुभंगून खाणीत पाणी भरलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. रंकभैरवावरून रंकाळा. आख्यायिका बाजूला ठेवली तरी खाणी होत्या हे डोळ्यांना दिसतं. शेजारची इराणी खण आजही खण म्हणूनच ओळखली जाते, गणपतीचं विसर्जन आता तिथे होतं. पावसाळ्यात शालिनी पॅलेसच्या भिंती ओल्या होऊन जास्तच काळ्याभोर दिसतात आणि समोर तळंही भरून तसंच गडद झालेलं असतं. ही वास्तू दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या पाण्याशेजारी शोभली नसती, असं मला मनापासून वाटतं.

न्यू पॅलेसशी तिची तुलना नेहमी होते, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. न्यू पॅलेस 1877 ते 1884 मध्ये झाला. मेजर चार्ल्स मँट यांचा आराखडा, आणि तोही काळ्या दगडातच. ती राज्यकर्त्याची वास्तू : दरबार, मिरवणुका, मानमरातब. आजही वरच्या भागात छत्रपतींचं निवासस्थान आहे आणि खाली संग्रहालय. त्यामुळे तिथे कायम माणसांची ये-जा असते आणि वापर चालू असल्याने निगाही राहते. शालिनी पॅलेस त्या मानाने निवांत. राज्यकारभाराशी त्याचा संबंध नाही, तळ्याकडे तोंड करून बसायचं, वारा घ्यायचा, असा तो बांधलेला. म्हणूनच पुढे हॉटेल करायची वेळ आली तेव्हा तो त्या कामाला चपखल बसेल असं वाटणं साहजिक होतं.

पण हॉटेलकडे येण्याआधी, या गावात परक्या माणसाला छप्पर आणि जेवण देण्याची रीत काय होती तेही पाहायला हवं. अंबाबाईला येणारे भाविक शतकानुशतकं धर्मशाळांत आणि पुजाऱ्यांच्या घरी उतरत आले. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि स्टेशनच्या बाजूला मुक्कामाची गरज वाढली. 1901 मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृह उभं राहत गेलं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

आणि भाऊसिंगजी रोडवरचं गंगाराम कांबळे यांचं हॉटेल! कोल्हापूरच्या हॉटेलांचा इतिहास सांगताना ते वगळलं तर तो इतिहास अपुराच. गंगाराम सरकारी पागेत नोकरीला. स्पृश्यांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांच्या कानावर गेल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं आणि पैशाची मदतही केली. ‘सत्यसुधारक हॉटेल’ उघडलं. स्वच्छता होती, चहा चांगला होता, पण अस्पृश्याच्या हातचा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तिथे थांबू लागले. भर रस्त्यात गंगारामांच्या हातचा चहा ते घ्यायचे आणि सोबतच्यांनाही द्यायचे. छत्रपतींनी घेतलेला चहा नाकारायची सोय कुणाला राहिली नाही. संगमरवर नाही, काचेवर मुद्रा नाही, चहाचं एक साधं दुकान. पण राजघराणं आणि हॉटेल हे दोन शब्द कोल्हापुरात पहिल्यांदा जवळ आले ते तिथे, असं मी मानतो. शालिनी पॅलेसचं नाव निघालं की मला आधी तेच आठवतं.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1971 मध्ये तनखे बंद झाले. देशभरातल्या राजघराण्यांपुढे तेव्हा एकच प्रश्न होता : एवढे वाडे सांभाळायचे कसे? राजस्थानने वाट आधीच काढली होती. जयपूरचा रामबाग 1957 मध्ये हॉटेल झाला, उदयपूरच्या तळ्यातला लेक पॅलेस 1963 मध्ये. पुढे केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याने ‘हेरिटेज हॉटेल’ असा स्वतंत्र वर्गच केला. 1950 पूर्वीचे वाडे, हवेल्या, किल्ले, शिकारखाने त्यात बसतात. शालिनी पॅलेस 1987 मध्ये तीन तारांचं हॉटेल झाला. राजवाड्यातलं महाराष्ट्रातलं एकमेव तारांकित हॉटेल अशी त्याची ओळख सांगितली जायची.

इथे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचा दाखला उपयोगी पडतो. ताज 16 डिसेंबर 1903 रोजी उघडलं, ते पहिल्या दगडापासून हॉटेल म्हणूनच. आराखडा केला सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. खोल्या किती, मुदपाकखाना कुठे, सांडपाणी कसं जाणार, नोकरांनी कुठल्या जिन्याने यायचं, हे सगळं आधी ठरलं आणि मग भिंती उठल्या. वाड्याचं उलट असतं. भिंती आधीच उभ्या असतात आणि हॉटेलला त्यात स्वतःला बसवून घ्यावं लागतं. दालनं प्रशस्त पण मोजकी, म्हणजे भाड्याने देता येतील अशा खोल्या थोड्या. न्हाणीघरांसाठी जाडजूड दगडी भिंतींतून नळ न्यायचे, छताची गळती काढायची, लाकूडकाम वाळवीपासून जपायचं. खर्च महालाचा आणि उत्पन्न मध्यम हॉटेलाचं, असं गणित होऊन बसतं.

त्यात कोल्हापूरचा भूगोल. देवीला येणारा माणूस महाद्वार रोड, भवानी मंडपाच्या आसपास खोली शोधतो, पहाटे काकडआरतीला चालत जाता यावं म्हणून. धंद्याच्या कामाला येणारा स्टेशन, ताराबाई पार्क किंवा महामार्गाजवळ उतरतो. पुणे-बंगळूर महामार्ग गावाच्या पूर्वेला आणि शालिनी पॅलेस पश्चिमेला, गगनबावड्याच्या वाटेवर. चुकून वाट वाकडी करून कुणी तिकडे जात नाही, मुद्दाम जावं लागतं. मुद्दाम येणारा पर्यटक, दोन-तीन दिवस राहणारा, कोल्हापूरला त्या काळात फारसा नव्हता. सकाळी दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी गाडी पन्हाळ्याला किंवा जोतिबाला, असाच शिरस्ता. लग्नं, समारंभ, सिनेमा-मालिकांचं चित्रीकरण यांवर हॉटेलने बराच काळ तग धरला. गेल्या दशकात ते बंद झालं.

आता परिस्थिती बदलली आहे, आणि ही नोंद लिहायचं खरं कारण तेच आहे. 10 मार्च 2024 ला उजळाईवाडीच्या विमानतळावर नवं टर्मिनल सुरू झालं. हा विमानतळही राजाराम महाराजांच्या काळातला, 1939 चा. 2024 च्याच सप्टेंबरात पुण्याची वंदे भारत सुरू झाली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत पन्हाळा आहे. आणि 17 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले वकील आणि पक्षकार आता इथे मुक्कामाला येतात. बेंच बसतं तेही भाऊसिंगजी रोडवरच, जिथे एके काळी गंगारामांच्या चहाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. गावात मोठी नवी हॉटेलं झाली आहेत, चांगली चालतातही. पण लिफ्टने वर जाऊन जी खोली उघडते ती पुण्यातही तशीच आणि हुबळीतही तशीच. कोल्हापुरात राहिलो असं वाटायला लावणारी जागा तळ्याकाठी बंद आहे.

वास्तू हातची जाणं म्हणजे काय, हे या गावाने 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री पाहिलं. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. ते नाट्यगृह तर वापरात होतं, रोज माणसं जात होती, तरी ही वेळ आली. जिथे रोज कुणी दिवा लावत नाही, खिडकी उघडत नाही, तिथे गळती कुठून सुरू झाली हे कळायलाच दोन पावसाळे जातात.

शालिनी पॅलेस पुन्हा सुरू करायचा विषय निघाला की चर्चा तारा किती, खोल्या किती, गुंतवणूक कोण करणार यावर जाते. माझं म्हणणं वेगळं आहे. सुरुवात रंकाळ्याच्या पाण्यापासून करायला हवी. तळ्यात सांडपाणी येतं, केंदाळ माजतं, उन्हाळ्यात काठावर वास येतो. आपण कोल्हापूरकर सवयीने तो सहन करतो, पण पैसे मोजून तळ्याकडची खोली घेतलेला पाहुणा सकाळी खिडकी उघडून एकदा तो वास घेईल आणि परत येणार नाही. उदयपूरचं हॉटेल तिथल्या पिचोला तळ्याच्या पाण्यावर चालतं, तसंच हेही रंकाळ्यावरच चालेल किंवा बुडेल. नाले वळवणं, आलेलं पाणी शुद्ध करूनच तळ्यात सोडणं, केंदाळ मुळासकट काढणं ही कामं हॉटेलच्या मालकाची नाहीत, गावाची आहेत, आणि हॉटेल झालं नाही तरी गावाला ती हवीच आहेत. इमारतीच्या बाबतीत आधी छप्पर आणि लाकूडकाम, मग बाकीचं. खोल्या सगळ्या एकदम उघडायचीही गरज नाही. खालची दालनं, बाग, तळ्याकडची ओसरी एवढं जरी दुपारच्या चहाला आणि संध्याकाळी गाण्याच्या बैठकीला उघडलं, तरी चौपाटीवरून पलीकडे बोट दाखवणारी माणसं एकदा तरी तिकडे जाऊन इकडे बघतील. तिकडून गाव कसं दिसतं, हे आजच्या शाळकरी पोरांपैकी फारच थोड्यांनी पाहिलं असेल : समोर चौपाटीचे दिवे, डावीकडे रंकाळा टॉवर, आणि मधे काळं पाणी.